सनद आहे का?

शिवाजीनगर कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर कान उघडे ठेवले, की एक शब्द हमखास पडतो. ‘सनद निघाली का रे?’ एक काळा कोट दुसऱ्या नव्याकोऱ्या काळ्या कोटाला विचारतो. कायद्याची पदवी घरी फ्रेममध्ये लटकलेली असते, पण बार कौन्सिलकडे नाव लागेपर्यंत वकिली करता येत नाही. 1961 च्या कायद्यात ‘सनद’ वगैरे काही नाही, तिथे नुसती नावनोंदणी. टपरीवर मात्र राजाश्रयाचा दिमाख अजून शाबूत आहे. एखाद्यावर बालंट आलं, की ‘सनद जाईल हं’ हेही तिथेच, तितक्याच गंभीरपणे.

अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ आधार, टेकायची जागा. पुण्याचा इतिहासही एका अर्थी सनदांनाच टेकलेला आहे. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई, सरदेशमुखी आणि स्वराज्याच्या सनदा घेऊन आले. दख्खनच्या सहा मुघल सुभ्यांच्या महसुलातला चौथा हिस्सा आणि वर शेकडा 10. शनिवारवाड्याचा पाया पडायला अजून 11 वर्षं होती. कागद आधी आला, दगड नंतर.

पुढे इथूनच इतरांना सनदा निघू लागल्या. कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं मोडी कागदांचं गाठोडं. गाव इनाम देताना नुसतं ‘गाव दिलं’ म्हणून भागत नसे. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप असं सगळं मोजून द्यायचं. गवताची काडी आणि जमिनीत पुरलेला हंडा एकाच ओळीत! आणि शेवटी माझं लाडकं कलम: दरवर्षी नव्या पत्राचा आक्षेप करू नये, या पत्राची नक्कल ठेवून अस्सल पत्र भोगवटियास परत द्यावं. दरसाल हयातीचा दाखला देणाऱ्या कुणाही पेन्शनरला हे वाचून गहिवरून येईल. तो ‘भोगवटा’ अजून आपल्या सातबाऱ्यावर भोगवटादार होऊन बसला आहे. इंग्रजांनी 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले आणि ‘सनद दाखवा’ म्हणून दारोदार विचारणा सुरू झाली, तेव्हा अस्सल पत्र जपून ठेवणाऱ्याचं शहाणपण कळलं. ज्याचं पत्र वाळवीने खाल्लं, त्याची जमीनही गेली.

आता जमीन देणारे गेले, तरी शब्द बेकार झाला नाही. हिशेब तपासणारा सनदी लेखापाल, आयएएस झालेला सनदी अधिकारी. रांगेत मध्येच घुसणाऱ्याला आपण ‘तुम्हाला काय सनद दिलीय का?’ असं दरडावतो. मूर्खपणाची सनद तर कुठल्याही दप्तरात न शोधता सापडते.

सर्वांत नवी ती नागरिकांची सनद. इथे देणारं सरकार आणि इनामदार आपण. कुठला दाखला, कोण देणार, किती दिवसांत, असे रकाने असलेला फलक सरकारी कचेऱ्यांत लावलेला असतो. मागे एका दाखल्यासाठी गेलो, तेव्हा मीही तो भक्तिभावाने वाचायला लागलो. सेवेचं नाव होतं, अधिकाऱ्याचं पद होतं. मुदतीच्या रकान्यापुढे लोखंडी कपाट.