स्वतःला थोपटायला शिकवताना: बालवाडीतला माझा अनुभव

बालवाडीत जूनचा पहिला पंधरवडा म्हणजे दारापाशी रडारड. ठाण्यात त्यात पावसाची भर. घोडबंदर रोडच्या कोंडीत पाऊण तास व्हॅनमध्ये बसून आलेलं मूल वर्गात शिरतं तेच कावलेलं. साडेतीन ते सहा वर्षांच्या अशा मुलांना मी टॅपिंग, म्हणजे मन शांत करायला स्वतःच्या अंगावर बोटांनी हलके ठोके देणं, शिकवायला घेतलं, त्याची ही हकिगत.

पद्धत मुळात मोठ्यांची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉजर कॅलहन यांच्या पद्धतीवरून त्यांचे विद्यार्थी गॅरी क्रेग यांनी १९९०च्या दशकात ती सोपी केली. हाताची कड, भुवईची आतली सुरुवात, डोळ्याचा बाहेरचा कोपरा, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी, गळ्याखालचं हाड, काखेखाली आणि टाळू अशा नऊ जागी बोटांनी हलके ठोके द्यायचे. यामागे शरीरातल्या कथित ऊर्जावाहिन्यांचं जे स्पष्टीकरण देतात, त्याला वैज्ञानिक आधार नाही, म्हणून पालकांनाही मी ते सांगत नाही. हाताला ठरलेलं काम मिळतं, श्वास लांबतो, मनात काय चाललंय त्याला नाव मिळतं, एवढं मला पुरेसं वाटतं. शिवाय आपल्याकडे बाळाला थोपटूनच झोपवतात. अंगावर पडणारा संथ ठेका मुलांच्या ओळखीचा असतो. म्हणून ‘टॅपिंग’ हा शब्द मी मुलांपुढे आणलाच नाही. ‘आजी तुला थोपटते ना, तसं आज आपलं आपण थोपटायचं,’ एवढ्यावर त्यांना कळतं.

नऊच्या नऊ जागा शिकवणं ही पहिली चूक. चौथ्या जागेपर्यंत मुलं क्रम विसरतात आणि विसरलो म्हणून आणखी रडतात. डोळ्यांभोवतीच्या जागा मी वगळल्या, कारण वाढलेली नखं डोळ्यात जातात. नाकाखालची जागा पावसाळ्यात शेंबडाची, तीही गेली, आणि तिच्यासोबत हनुवटीही. उरल्या चार: हाताची करंगळीकडची कड, गळ्याच्या खळगीखालची दोन्ही बाजूंची हाडं, काखेखाली चार बोटं आणि टाळू. काखेखाली काहींना गुदगुल्या होतात. त्यांना तीनच जागा.

तर्जनी आणि मधलं बोट जोडायचं आणि एका जागी पाच ठोके द्यायचे. जोर किती, हे सांगून कळत नाही. मी प्रत्येकाच्या हातात पिकलेलं केळं देते आणि साल काळी न पडता वाजवायला लावते. वेगाचं भान ठेवणं अधिक अवघड. मुलांना भरभर वाजवायला आवडतं, आणि भरभर वाजवलं की ती शांत होण्याऐवजी चेकाळतात. म्हणून ‘ए-क, दो-न’ असं लांबवून मोजायचं. पाच झाले की फुंकर: गरम वरणभात निववायचा तशी, लांब आणि हळू. ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हटलं की मुलं खांदे उचलून छाती फुगवतात, पण फुंकर मारताना श्वास आपोआप लांब सुटतो.

मोठ्यांच्या पद्धतीतलं ‘मला राग आला असला तरी मी स्वतःला पूर्णपणे स्वीकारतो’ हे वाक्य पाच वर्षांच्या मुलापुढे म्हणून पाहा. ‘असला तरी’पाशीच ते हरवतं. आमची वाक्यं दोनच: ‘मला राग आलाय. मी इथे आहे.’ भीती असेल तर ‘मला भीती वाटतेय. बाई जवळ आहेत.’ राग किती ते शून्य ते दहा आकड्यांत सांगायचं मोठ्यांचं मोजमापही या वयात निरर्थक. ‘केवढा राग?’ विचारलं की मूल दोन तळव्यांमधलं अंतर दाखवतं. थोपटून झालं की पुन्हा ‘आता केवढा?’ इथे ‘कमी झाला ना?’ असं कधीच विचारायचं नाही. बाईंना बरं वाटावं म्हणून मूल ‘हो’ म्हणतं आणि खरं काय ते कळतच नाही. राग तेवढाच राहिला तर तेवढाच राहिला. मग पाणी द्यायचं, खिडकीपाशी बसवायचं.

सगळ्यात लहान मुलांना मी फुलपाखरू शिकवते. मेक्सिकोत १९९७च्या पॉलीन चक्रीवादळानंतर मानसोपचार करणाऱ्या लुसिना आर्टिगास यांनी ते पहिल्यांदा वापरलं. हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे, अंगठे एकमेकांत अडकवायचे, बोटं गळ्याखालच्या हाडांच्या जरा खाली टेकवायची आणि एकदा डावा, एकदा उजवा पंख हलवायचा. साडेतीन वर्षांच्या बऱ्याच मुलांचे दोन्ही हात एकदमच आपटतात. त्यांना मांडी घालून बसवायचं, डाव्या हाताने डावा गुडघा आणि उजव्याने उजवा वाजवायला द्यायचा. काही आठवड्यांनी पुन्हा पंखांकडे वळायचं.

शिकवायची वेळ मात्र रडण्याची नव्हे. पहिले दोन आठवडे डबा खाऊन झाल्यावर, सगळी खुशीत असताना, रोज तीन मिनिटं नुसता खेळ. तिसऱ्या आठवड्यात छोटे प्रसंग: मनोरा पडला, आवडता खडू दुसऱ्याने घेतला. खऱ्या रडण्यात ते वापरायला महिना-दीड महिना लागतो. तेव्हाही मी सूचना देत नाही. मुलाशेजारी खाली बसते आणि माझ्याच हाताची कड थोपटायला लागते. बहुतेक वेळा थोड्या वेळाने त्याची बोटं हलतात. न विचारता मुलाच्या अंगाला हात लावून थोपटायचं नाही. काहींना स्पर्श सहनच होत नाही. त्यांना थोपटायला उशी द्यावी.

घरी हमखास बिघडतं ते एका वाक्याने: ‘जा, कोपऱ्यात जाऊन थोपटून ये.’ तिथे ती शिक्षा झाली, आणि मूल पुन्हा त्या वाटेला जात नाही. दुसरी चूक म्हणजे भूक, शू, झोप, ताप यांतलं काही आहे का, हे न बघता थोपटायला लावणं. उपाशी मुलाला डबाच हवा असतो. मूल मारत, चावत असेल तर आधी सगळ्यांना सुरक्षित करायचं, थोपटणं नंतर. बंद झालेलं अंथरुण ओलं करणं परत सुरू झालं, मूल बोलेनासं झालं, रोज रात्री दचकून उठू लागलं आणि असं आठवडेच्या आठवडे चाललं, तर हा खेळ पुरा पडत नाही. बालरोगतज्ज्ञांकडे जावं. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर पालकांना मोफत बोलता येतं. ठाण्यात आयपीएचसारखी मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्थाही आहे.

दहीहंडी आणि गणपतीच्या दिवसांत आणखी एक अडचण समोर येते. ढोल किंवा डीजे सुरू झाला की घाबरलेलं मूल दोन्ही हात कानांवर घट्ट दाबतं. थोपटायला हातच उरत नाही, आणि ते हात काढायला लावणं क्रूरपणाचं आहे. आधी मुलाला आवाजापासून लांब न्यावं. मग हात कानांवरच राहू द्यावेत आणि पायांनी थोपटावं: डावा, उजवा, डावा, उजवा, ढोलापेक्षा हळू. हे आम्ही श्रावण लागला की वर्गात सुरू करतो, कान झाकूनच.