वळवानं पत्रे नेले, त्यानंतरचे अडीच महिने

आमचं गाव आटपाडी तालुक्यात. मे महिना, दुपारी चारची वेळ. म्हैस दावणीला धापा टाकत होती. पूर्वेकडून आभाळ काळवंडत आलं आणि पावसाच्या आधी वारा आला. वळवाचं हे असंच असतं. ढगातली गार हवा खाली आदळते, जमिनीवर पसरते, आणि थेंब पडायच्या आत काम उरकून जाते. आमच्या पडवीची एक बाजू मोकळी. वारा तिथून आत शिरला आणि पत्रे खालून उचलले गेले. बावीसातले तेरा उडाले. एक शेजारच्या बांधावरच्या बाभळीत अडकला होता. घरात कुणाला खरचटलंही नाही, हे आधी सांगतो.

रात्री फोन सुरू झाले. सांगोल्याकडं बहिणीच्या डाळिंबाची झाडं आडवी झालेली, दहिवडीला आत्याच्या गोठ्यावरचे पत्रे गेलेले. आमचं दुःख एकट्याचं नव्हतं, एवढाच काय तो दिलासा.

मग मी चूक केली. दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्री बोलावून सापडलेले पत्रे ठोकून घेतले. आभाळ भरलेलं, आत ज्वारीची पोती. दुसरं काय करणार? तिसऱ्या दिवशी पंचनाम्याला तलाठी भाऊसाहेब आणि ग्रामसेवक आले. वर बघून म्हणाले, "छप्पर तर जाग्यावर आहे की."

वाचवलं ते पुतण्यानं. वारा थांबल्या थांबल्या त्या पोरानं मोबाईलवर फोटो काढले होते, तारीख-वेळेसकट. शिवाय वाकलेले सहा पत्रे गोठ्यामागं पडलेले. मिस्त्री तर भंगारात घालायला निघाला होता. शेजारच्या दोघा दादांनी पंच म्हणून सह्या केल्या. घराचं नुकसान किमान 15 टक्के असेल तरच अंशतः पडझडीची मदत मिळते, म्हणून वाशांपासून मोजदाद झाली.

पुढचा घोळ पक्कं की कच्चं याचा. तेव्हाच्या निकषात पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्याला 4,000. आमच्या भिंती दगडाच्या, पण मातीत बांधलेल्या. आजोबांनी बांधलेलं घर साठ वर्षं उभं आहे, त्याला कच्चं म्हणताना मला राग आला. वाद घातला, हरलो. कागदावर कच्चं झालं.

आणि खरी मेख तर अजून पुढंच होती. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर घर आजोबांच्या नावावर. आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली. मदत माझ्या खात्यात यायची तर वडिलांची आणि दोन्ही चुलत्यांची संमती हवी. थोरले चुलते गावातच, पण धाकटे तात्या गलाईच्या दुकानामुळं कोइमतूरला. आमच्या भागात निम्म्या घरांचं असंच आहे, माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली. संमतीपत्र कुरिअरनं गेलं, सही होऊन परत आलं, त्यात आधारची झेरॉक्स नव्हती, म्हणून पुन्हा गेलं. तहसीलच्या चार चकरा झाल्या. दोनदा साहेब मीटिंगला, एकदा लाईट नाही. चौथ्यांदा काम दहा मिनिटांत झालं.

दरम्यान मिस्त्रीनं एक गोष्ट शिकवली. जुने पत्रे खिळ्यांवर होते. खिळा वाऱ्याच्या हिसक्यानं लाकडातून सरळ उपसून येतो. आता लोखंडी पाईप टाकून जे-हुकनं आवळलेत, आणि पडवीची मोकळी बाजू निम्मी विटांनी बंद केली. वर दगड ठेवायचे मात्र सोडले. उडालेला दगड पत्र्यापेक्षा वाईट.

जुलैच्या अखेरीला खात्यात 4,000 जमा झाल्याचा मेसेज आला. नवे पत्रे, पाईप आणि मजुरी मिळून खर्च त्याच्या कितीतरी पट झाला होता. तात्यांना फोन लावून आकडा सांगितला. ते जरा वेळ गप्प राहिले.

"म्हाताऱ्याच्या नावावर आलं का तुझ्या?"

"माझ्या, तात्या."

"मग आता वारसनोंद करून घे. मी दिवाळीला येतोय, सही तिथंच करतो. कुरिअर नको."