अवयव पाडा

मूळ संख्यांचं कौतुक फार होतं. नवी मोठी मूळ संख्या सापडली की लगेच तिची बातमी. संयुक्त संख्यांकडे मात्र कोणी ढुंकूनही बघत नाही. भाग जातो ना, मग त्यात काय विशेष! माझा ओढा आधीपासून या दुर्लक्षितांकडे. बारा-चोवीसवाल्या साळसूद संख्या ठीक आहेत, पण मला खरी भुरळ पडते ती अजस्र संयुक्त संख्यांची.

फ्रेंच गणिती फर्माचंच घ्या. २ चा घात करायचा, घातांकही २ चाच घात घ्यायचा आणि शेवटी १ मिळवायचा. ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ! पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असं १६४० च्या सुमारास त्याला वाटू लागलं. पण पुढचीच, ४,२९,४९,६७,२९७, दगा देऊन गेली. तिला ६४१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार येतो ६७,००,४१७, हे १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने दाखवलं. हिचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. तशा मूळ संख्या ओळीने घेतल्या तर १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी थेट ६४१. पाच भागाकारांत निकाल! फर्मासारख्या माणसाच्या हातून हे निसटावं, याचं मला अजून नवल वाटतं.

या मालिकेची मोजणी शून्यापासून होते, म्हणजे ही झाली क्रमांक ५ ची. माझी लाडकी आहे क्रमांक २४ ची. तिच्यात ५०,५०,४४६ अंक आहेत. ती संयुक्त आहे हे १९९९ मध्ये संगणकावर सिद्ध झालं. आणि तिचा विभाजक? १ आणि ती स्वतः सोडली तर एकही कोणाला ठाऊक नाही.

भाग कशाने जातो हे माहीत नसताना भाग जातो हे कसं कळतं? १५ घेऊन बघा. ती मूळ असती तर २ च्या चौदाव्या (म्हणजे १५ वजा १) घाताला १५ ने भागल्यावर बाकी १ उरली असती. २ चा चौथा घात १६, बाकी १. म्हणजे बाराव्या घाताचीही बाकी १, आणि चौदाव्याची ४. एक उरला नाही, म्हणजे १५ संयुक्त. या सगळ्यात ३ आणि ५ यांचं नावसुद्धा निघालं नाही! (उलट दिशेने ही कसोटी फसते. ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१, पण ती बाकी १ ठेवून मूळ असल्याचा आव आणते.) फर्माच्या संख्यांसाठी पेपाँ या फ्रेंच गणितज्ञाची १८७७ सालची कसोटी याच जातकुळीची, पण ती कोणत्याच दिशेने फसत नाही.

गंमत अशी, की या चोविसाव्या संख्येबद्दल बाकीचं बरंच काही बसल्या जागी सांगता येतं. ती विषम आहे, तिचा शेवटचा अंक ७ आहे. पन्नास लाखांवर अंकांची बेरीज, मग त्या बेरजेतल्या अंकांची बेरीज, असं करत गेलं तर शेवटी ८ उरतात. म्हणून ३ ने भाग जाणं शक्य नाही. एवढी ओळखपाळख आहे, फक्त अवयव तेवढे पाडता येत नाहीत.

क्रमांक १४ ची गत कित्येक वर्षं हीच होती. ४,९३३ अंक, संयुक्त असल्याची खात्री, विभाजकाचा पत्ता नाही. मग २०१० मध्ये एक ५४ अंकी विभाजक हाती लागला. त्याने भागून ४,८८० अंकी संख्या उरली. ती तपासली, तर तीही संयुक्त निघाली, आणि तिचे अवयव कोणालाच पाडता आलेले नाहीत.