बंद नको करूस गं

"अगं, तोंडाला काय झालंय तुझ्या? खोबरेल लाव की!"

ठाण्याहून सुटलेल्या लोकलमध्ये एका काकूंनी माझ्या भाचीला विचारलं. विचारणं मायेचंच होतं, पण पोरीने रुमालाने हनुवटी झाकली ती घाटकोपरपर्यंत. मग हळूच म्हणाली, "आत्या, मी ते जेल बंद करते."

मला फार लागलं ते.

मुरमांसाठी डॉक्टरांनी तिला ॲडापेलीन नावाचं हे जेल दिलंय. त्याने त्वचेच्या पेशी भराभर बदलतात, म्हणून पहिले काही आठवडे नाकाच्या, ओठांच्या कडेला पापुद्रे निघतात. त्यात जानेवारीचा कोरडा वारा. एरवी घामाने चिकचिकणाऱ्या ठाण्यातसुद्धा गाल ओढल्यासारखे होतात. आणि फरक दिसायला साधारण १२ आठवडे लागतात! सतराव्या वर्षी एवढा धीर कुठून आणायचा?

घरी आल्यावर तिला जवळ बसवलं. आधी मॉइश्चरायझर, मग वाटाण्याएवढंच जेल सगळ्या चेहऱ्याला, वर पुन्हा मॉइश्चरायझर. झेपत नसेल तर डॉक्टरांना विचारून एक रात्र आड. आंघोळीला कढत पाणी नको, स्क्रब तर अजिबात नको. सकाळी सनस्क्रीन. खोबरेल तेलाने रंध्रं बुजू शकतात, ते चेहऱ्याला नकोच. आग थांबेना, सूज आली तर मात्र लगेच दाखवायचं.

ऐकलं तिने. पण उद्या पुन्हा तोच डबा, तीच गर्दी, तेच प्रश्न. दिसेल त्या चेहऱ्यावर बोलायची एवढी घाई का असते आपल्याला?

तुमच्या घरी कुणी यातून गेलं असेल तर जरूर लिहा. तिला वाचून दाखवायचंय.