शेजारच्या लाइनीसाठी एक पिवळा दिवा

लोकलच्या तोंडावर एक पिवळा दिवा असतो, लुकलुकणारा. तो लागलेला तुम्ही बहुधा पाहिला नसेल. पाहिला असेल तर 'झालं, आज परत लेट' म्हणून मान फिरवली असेल. आम्ही त्याला फ्लॅशर म्हणतो. मी मध्य रेल्वेवर मोटरमन होतो, आता डोंबिवलीत घरी असतो. लोक भेटले की सिग्नलचं विचारतात. लाल ओलांडला तर काय होतं, दोन पिवळे कशासाठी, पावसात दिसतं का. फ्लॅशरचं आजवर कुणी विचारलेलं नाही, म्हणून न विचारता सांगतो.

रेल्वेचा जवळजवळ सगळा बंदोबस्त आपापल्या लाइनीपुरता असतो. माझ्यासमोरचा सिग्नल माझ्या पुढचा रूळ मोकळा आहे की नाही तेवढंच सांगतो. मुंबईच्या लोकलमध्ये एडब्ल्यूएस आहे. ते केबिनमध्ये मला आवाज देतं, मी दाद दिली नाही किंवा लाल ओलांडला तर ब्रेक लावून मोकळं होतं. उत्तम यंत्रणा आहे, तिला मी कधी नावं ठेवली नाहीत. पण तिलाही माझ्याच रुळाचं कळतं. उजव्या हाताच्या लाइनीवर गाडी आडवी पडलीय, की तिथे दोनशे माणसं उतरून उभी आहेत, याचा तिला पत्ता नसतो.

आणि मुंबईत शेजार फार जवळचा असतो. जुन्या लाइनींवर एका मार्गिकेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचं किमान अंतर ४.२६५ मीटर. नव्या कामांना ते ५.३ मीटर ठेवतात, पण जुन्या लाइनी जुन्याच. आपल्या लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद. वजाबाकी करा. दोन गाड्या शेजारून जाताना मध्ये उरतात साधारण ६० सेंटिमीटर. म्हणजे दोन फूटही नाहीत. वळणावर तेही पूर्ण मिळत नाहीत. डबा सरळ असतो आणि रूळ वाकलेला, त्यामुळे डब्याचा मधला भाग वळणाच्या आत झुकतो आणि टोकं बाहेर जातात. शिवाय वळणावर बाहेरचा रूळ उंच केलेला असतो, तो डब्याला आतल्या बाजूला कलवतो. कॉलेजच्या मुलाची भरलेली सॅक फूटभर जाड असते. समोरच्या गाडीतल्या मुलाचीही असते. पुढचं गणित मला लिहावंसं वाटत नाही.

वेळही बघा. दोन्ही गाड्या ताशी ८० ने एकमेकींसमोरून येतायत, बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरच्या घरात. पहिल्या डब्याला पहिला डबा भेटल्यापासून शेवटच्याला शेवटचा सुटेपर्यंत अकरा-बारा सेकंद लागतात. दारात उभ्या असलेल्याला वाटतं, ही आली आणि गेली. मोटरमनला त्या अकरा-बारा सेकंदांत काहीही करता येत नाही. जे काही करायचं ते त्याच्या आधी, आणि त्यासाठी हा दिवा.

माझी गाडी अचानक उभी राहिली, रुळावरून घसरली, मध्येच तुटली, किंवा शेजारच्या लाइनीला धोका झाला असं नुसतं वाटलं, तरी मी आधी फ्लॅशर लावायचा आणि तुटक-तुटक शिट्ट्या देत राहायचं. शेजारच्या लाइनीने समोरून येणाऱ्याने तो पाहिला की गाडी उभी करायची आणि मग चौकशी करायची. हा क्रम महत्त्वाचा. नियमपुस्तकात पुढे फटाके लावायचंही आहे, म्हणजे रुळावर बसवायचे आणि चाकाखाली फुटून येणाऱ्या ड्रायव्हरला सावध करणारे. धोक्याच्या जागेपासून ६०० मीटरवर एक, १२०० मीटरवर तीन, आणि तेही आधी शेजारच्या लाइनीवर. नवीन पोरांना हे विचित्र वाटतं. गाडी आपली पडलीय आणि आपण धावायचं दुसऱ्याच्या रुळावर! पण आपल्या मागची गाडी आपल्यामुळे लाल झालेल्या सिग्नलवर थांबते. शेजारची हिरव्यावरून पूर्ण वेगात येत असते.

खन्नाला हेच झालं. २६ नोव्हेंबर १९९८. आपल्या मुंबई सेंट्रलहून अमृतसरला जाणारी फ्रंटियर मेल, नाव तोवर गोल्डन टेंपल मेल झालं होतं, पंजाबात रूळ तुटल्याने घसरली. डबे शेजारच्या लाइनीवर गेले आणि समोरून आलेली सियालदह एक्सप्रेस त्यांच्यावर आदळली. २१२ माणसं गेली. पहिल्या अपघातापेक्षा दुसऱ्याने जास्त मारलं. आमच्या ट्रेनिंगमध्ये खन्नाचं नाव निघालं की वर्ग गप्प व्हायचा.

मला स्वतःला फ्लॅशर खऱ्या अर्थाने लावावा लागला तो प्रसंग इतका मोठा नव्हता. जुलै महिना, संध्याकाळची कल्याण स्लो. दिवा स्टेशन सोडलं आणि कोपर यायच्या आधी आमच्या लाइनीचा ओव्हरहेड सप्लाय गेला. वेग होता तेवढी गाडी सरपटली आणि थांबली. अपचा, म्हणजे शेजारच्या मुंबईकडे जाणाऱ्या लाइनीचा सप्लाय चालू होता, हे लगेच कळलं, कारण एक अप गाडी नेहमीसारखी शेजारून गेली. कंट्रोलला कळवलं, गार्डशी बोललो, त्याने डब्यांत घोषणा केली की कुणी उतरू नये. दहा मिनिटं लोकांनी ऐकलं. दहा मिनिटं ही मुंबईकराची हद्द आहे, त्यानंतर घरी चालत जायचं ठरतं. त्यात कोपर समोर दिसत होतं.

डाव्या बाजूला नाला होता, काठोकाठ भरलेला. त्यामुळे उड्या पडायला लागल्या उजव्या बाजूला, थेट अपच्या रुळावर. मी खिडकीतून डोकं काढून मागे पाहिलं तर पहिल्या चार-पाच डब्यांतून माणसं उतरत होती. लोकलच्या दारातून खडीवर उतरणं म्हणजे पुरुषभर उंची. पुरुष उड्या मारत होते, बायकांना खालून हात देत होते. एक जण शांतपणे रुळावर उभा राहून छत्री उघडत होता. ती काही केल्या उघडेना आणि तो काही केल्या हलेना. एक ताई माझ्या खिडकीखाली येऊन विचारतायत, "ओ मोटरमन, किती वेळ लागेल नक्की?" मी ओरडतोय, "आधी त्या रुळावरून बाजूला व्हा!" त्यांना वाटलं मी चिडलोय. चिडलो होतोच.

फ्लॅशर मी उतरणारा पहिला माणूस दिसताच लावला होता. तो बॅटरीवर चालतो, वर तारेत करंट नसला तरी अडत नाही. हेडलाइट मंद केला, नाहीतर त्याच्या झोतात पिवळा दिवा हरवतो. आणि शिट्टी धरली. कोपरवरून अप लोकल सुटताना दिसली. पावसाच्या पडद्यामागे तिचे दिवे आधी नुसते पसरट दिसतात, जवळ येतेय की उभी आहे हे कळत नाही. मग ते दिवे मोठे व्हायचे थांबले. स्टेशनातून नुकती सुटलेली असल्याने वेग नव्हता, हे आमचं सगळ्यांचं नशीब. त्याने थांबवली, मग पावलापावलाने, शिट्टी देत माझ्या शेजारी आणली आणि खिडकीतून विचारलं, "काय झालं रे?" मी नुसतं मागे बोट दाखवलं. त्याने जो शब्द उच्चारला तो इथे छापता येत नाही.

तेवढ्यात त्याच्या गाडीतल्या लोकांनी थांबल्याबद्दल त्याला शिव्या घालायला सुरुवात केली होती. हे आमच्या धंद्यात कायमचंच. अपघात झाला नाही की उशीर दिसतो.

आता या दिव्याचा दोष. तो सरळ रेषेत दिसतो. वळणावर, झाडीमागे, खोदलेल्या डोंगरातून वाट काढणाऱ्या लाइनीवर समोरच्याला तो उशिरा दिसतो. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात परधाडे-माहेजीजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. गाडी मुंबईकडे येत होती. चेन ओढली गेली, लोक घाबरून शेजारच्या लाइनीवर उतरले आणि तिथून कर्नाटक एक्सप्रेस आली. डझनभर माणसं गेली. तिथे वळण होतं. एक्सप्रेस गाडी पूर्ण वेगात असली तर ब्रेक लावल्यापासून उभी राहायला किलोमीटरच्या आसपास जातं. ड्रायव्हरने दिवा पाहताच ब्रेक लावले तरी वळणाने त्याचं अंतर आधीच खाल्लेलं असतं. बऱ्याच इंजिनांत चेन ओढून ब्रेक पाइपचं प्रेशर पडलं की फ्लॅशर आपोआप पेटतो, माणसाने बटण दाबायची वाट बघत नाही. हे चांगलंच आहे. पण आपोआप पेटलेला दिवाही वळणापलीकडे वाकून दिसत नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की शेजारच्या लाइनीचा इशारा डोळ्यांवर सोडू नये, तो रेडिओने थेट समोरच्या केबिनमध्ये वाजला पाहिजे. 'कवच' या टक्कर रोखणाऱ्या नव्या यंत्रणेत ही सोय आहे. इंजिनातलं एसओएस दाबलं की आसपासच्या कवच असलेल्या गाड्यांना संदेश जातो. वर्तमानपत्रं कवचबद्दल लिहिताना 'दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर टळणार' एवढंच छापतात. मला विचाराल तर मुंबईसारख्या चार-चार, सहा-सहा लाइनींच्या गावात हे एसओएस त्याहून मोलाचं आहे.

रुळावर काम करणाऱ्यांचं तर वेगळंच. गँगमन आपल्या लाइनीवर गाडी आली की बाजूला होतो, आणि बाजूला म्हणजे बऱ्याचदा शेजारच्या लाइनीवर. पहिल्या गाडीच्या खडखडाटात दुसरीचा आवाज ऐकू येत नाही. कान कितीही तयार असू दे, तिथे तो निकामी. त्यांच्यासाठी 'रक्षक' नावाचं यंत्र आलंय. जवळ बाळगायचं. स्टेशनकडून गाडी निघाली की रेडिओने ते थरथरतं, वाजतं, दिवा लावतं. थरथरतं हा त्यातला खरा शहाणपणा. गाडी शेजारून धडधडत असताना बझर कोण ऐकणार?

पादचाऱ्यांच्या बाबतीत शहाणपणाचं एक काम हार्बरवर वडाळ्याला झालं होतं, २०१० च्या सुमारास. रुळांखालच्या आडव्या स्लीपरचे पट्टे पिवळे रंगवले, म्हणजे गाडी ते किती झपाट्याने गिळतेय हे बघून वेगाचा अंदाज यावा. मोठी वस्तू लांबून हळू येतेय असं डोळ्याला वाटतं, आणि त्यात माणसं फसतात. आणि आम्हाला सांगितलं, एक लांब शिट्टी नको, मध्ये शांतता ठेवून दोन तुटक द्या. सुरुवातीला आम्ही हसलो. पण खरंच, लांब शिट्टीला कुणी मान वर करत नाही, तुटक शिट्टीला करतं. जपानमध्ये फाटकांवर बाणाचे दिवे असतात, मी यूट्यूबवर बघत बसतो. डावीकडून गाडी येत असेल तर एक बाण, दोन्हीकडून येत असतील तर दोन्ही. पहिली गेली तरी दुसरा बाण चालू असतो, माणूस थांबतो. ब्रिटनमध्ये काही फाटकांवर ध्वनिक्षेपक सांगतो की अजून एक गाडी येतेय. आपल्याकडे ट्राम होती तेव्हाही धोका हाच होता. आपल्या ट्राममधून उतरायचं, तिच्या मागून रस्ता ओलांडायचा आणि पलीकडच्या रुळावरच्या ट्रामसमोर जायचं. ड्रायव्हर पायाने घंटा बडवत असायचा. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. माणसांची सवय मात्र रुळ ओलांडून लोकलकडे आली.

दारात लटकणाऱ्यांसाठी मात्र कुठलाही दिवा, कुठलीही घंटा उपयोगाची नाही, हे मी आता मान्य केलंय. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकल शेजारून जाताना माणसं पडली आणि गेली. दोन्ही गाड्यांच्या फुटबोर्डवरचे प्रवासी एकमेकांना घासले, असं सुरुवातीला सांगण्यात आलं. वळण तेच, मधली जागा तीच. इशारा मिळाला तरी लटकलेला माणूस जाणार कुठे? आत जागा असती तर तो बाहेर असता का? इथे इलाज एकच, बंद होणारं दार. पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर आली, तेव्हा आमच्या लॉबीत, म्हणजे मोटरमन ड्युटीची हजेरी लावतात तिथे, कुणी गारव्याबद्दल बोललं नाही. सगळे दारांबद्दल बोलत होते.

बाकी दाराच्या आत असलेल्यांसाठी एक स्वस्त काम राहिलंय. 'दाराबाहेर वाकू नका'च्या शेजारी एक स्टिकर हवा. तसं पत्र मी एका कार्यालयात दिलंय, पोच मिळालीय, पुढे काही नाही. मजकूर असा लिहिलाय: 'गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली तर दहा मिनिटांनीही उतरू नका. उतरावंच लागलं तर शेजारचा रूळ नसलेल्या बाजूने उतरा. शेजारून एक गाडी गेली तर दुसरी येणार नाही असं समजू नका. तुमच्या गाडीची शिट्टी सारखी तुटक वाजत असेल तर ती तुमच्यासाठी आहे.' बायको म्हणते, एवढं वाचेपर्यंत डोंबिवली येईल. तर वाचकांनो, अर्थ न गमावता हे निम्म्यात कुणाला बसवता आलं तर कमेंटमध्ये लिहा. दुसरं पत्र टाइप करून ठेवलंय, तेवढी जागा मोकळी सोडलीय.