घरपट्टीतली लायब्ररी

घरपट्टीची पावती कोण नीट वाचतंय, आकडा बघायचा आणि भरून मोकळं व्हायचं. पण आमच्या बेळगावात त्या करावर सहा टक्के ग्रंथालय सेस असतो, १९६५ च्या कर्नाटकच्या कायद्यातला. म्हणजे जन्मात पुस्तक न उघडलेला माणूसपण इथं लायब्ररी चालवतोय की! पलीकडं चंदगडात हा प्रकार नाही. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात सेसच नाही, तिथं लोकांनी वाचनालय काढायचं, चालवायचं आणि सरकारनं अ-ब-क-ड दर्जा बघून अनुदान द्यायचं. आम्ही मराठी वाचणारे मधेच, सेस इकडं भरतो आणि वर्गणीची सवय काय सुटत नाही. सुटणार तरी कशी, आमचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं, ५६ च्या राज्य पुनर्रचनेच्या शंभरावर वर्षं आधीचं.

सरकारी लायब्ररीत मराठी पुस्तकं कमी हे खरंच, पण मला तिथली पेपरची खोली आवडते. सकाळी गेलं तर पीएसआयची तयारी करणारी पोरं आधीच भिंतीकडच्या खुर्च्या धरून बसलेली, पुस्तकं स्वतःची, लायब्ररीचा फक्त पंखा आणि शांतता. (घरात टीव्ही, आजी आणि कुकर, बिचारी कुठं बसणार?) मधल्या लांब टेबलावर रिटायर मंडळी, एका पेपरचे चार तुकडे चौघांत वाटलेले.

"आतलं पान झालं काय ओ?"

"थांबा की, निधन वार्ता बघूलोय."

शेजारचे कन्नड पेपरवाले काका तेवढ्यात मान वर न करता आमच्या पानातला मॅचचा स्कोर मराठीत विचारतात, आणि सांगितला की कन्नडमध्ये टीमला शिव्या घालतात. पुस्तकं किती इश्यू झाली यावरून लायब्ररीचा हिशोब करणाऱ्यांनी एकदा तरी ह्या टेबलाला येऊन बसावं, इथून कोण काहीच घरी नेत नाही आणि तरी दुपारपर्यंत खुर्ची रिकामी मिळत नाही.

दिवाळी अंकांसाठी मात्र वर्गणीवाल्या वाचनालयाला पर्याय नाही. एकदा पैसे भरले की होळीपर्यंत अंक बदलत राहायचे, आणि गाजलेला अंक नेमका आपल्या हातात येईपर्यंत त्यावर कुणाच्यातरी आमटीचा डाग पडलेला असतो, शब्दकोडं पेनानं भरलेलं असतं, आणि तेपण चुकीचं.