दोन रोम

आजची सुट्टी दोन रोममध्ये गेली. सकाळी 'रोम: टोटल वॉर' या संगणकावरच्या युद्धखेळाची २००४ची मूळ आवृत्ती, दुपारपासून २०२१ची रीमास्टर्ड, म्हणजे नव्याने सजवलेली. मोहीम तीच, ज्युलिआय घराण्याची, सुरुवात इ.स.पू. २७०.

नव्यात नकाशावर कॅमेरा फिरवता येतो, बराच वर नेता येतो. आल्प्सपलीकडे गॉल टोळ्या काय करतायत हे एका नजरेत कळतं. व्यापारी आलेत, पूर्वी न खेळता येणारे पक्षही आता खेळता येतात. हे सगळं छानच.

पण इजिप्त! मूळ खेळात इजिप्शियन सैन्य रथांवर, फेरोंच्या काळातलं. खरं तर तेव्हा तिथे टॉलेमी घराणं होतं, मॅसिडोनियन वंशाचं, लांब भाल्यांच्या फॅलँक्सने, म्हणजे सैनिकांच्या दाट रांगांनी, लढणारं. एवढ्या वर्षांनी हे दुरुस्त करायची संधी होती. तरी रथ तसेच ठेवले, फक्त जास्त देखणे केले. इतिहासावर प्रेम असलेल्याला हे खटकतंच.

संगीत मात्र जेफ व्हॅन डाइकचं, तेच. ते सुरू झालं आणि अंगावर काटा आला.

उद्या कार्थेजच्या बाजूने खेळणार, हत्तींसाठी. मूळ खेळ खेळलेलं कोणी आहे का इथे? तुमचं घराणं कोणतं होतं?